नंबर वाऱ्याचा, घात पाण्याचा: कॅरिबियन बेटांवरच्या वादळांची गोष्ट

सप्टेंबर २००४ मध्ये जीन नावाचं एक वादळ हैतीच्या उत्तरेकडून समुद्रातल्या समुद्रात निघून गेलं. त्याचं केंद्र हैतीच्या जमिनीवर आलंच नाही, आणि तोवर ते इतकं ढिलं पडलं होतं की त्याला कोणी हरिकेनसुद्धा म्हणत नव्हतं. तरी १८ सप्टेंबरच्या रात्री गोनाईव्ह शहरावर डोंगरातून पाणी आणि चिखल उतरला आणि सुमारे तीन हजार माणसं गेली. हेच वादळ पुढे समुद्रात गोल फिरलं, पुन्हा जोर धरला आणि आठवडाभराने कॅटेगरी ३ होऊन फ्लोरिडावर आदळलं, तिथे वादळाने थेट मेलेले मात्र बोटांवर मोजण्याइतके.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं आकड्यांची अदलाबदल झालीय. जोर कमी असताना तीन हजार आणि जोर वाढल्यावर चार-पाच? पण आकडे बरोबर आहेत, आणि कॅरिबियन बेटांच्या पाचशे वर्षांच्या वादळांचा इतिहास वाचायला घेतला की हेच परत परत दिसतं, म्हणून हा लेख.

आधी त्या कॅटेगरीचं बघू. टीव्हीवर "कॅटेगरी ५" म्हणतात तो नंबर फक्त वाऱ्याच्या वेगाचा असतो. ताशी ११९ किलोमीटरला कॅटेगरी १ सुरू होते आणि तिथूनच वादळाला हरिकेन म्हणतात, २५२ च्या वर गेलं की ५. बस, एवढंच. पाऊस किती पडणार, समुद्र किती चढणार, वादळ एका जागी किती तास बसणार आणि त्याच्या खाली कोण राहतंय, कशा घरात राहतंय, यातलं काहीच त्या नंबरात नाही. आणि माणसं मरतात ती बहुतेक वेळा पाण्याने. समुद्राचं पाणी, नाहीतर डोंगराचं पाणी, आणि ती दोन्ही ओसरल्यावर मग उपासमार, आजारपण, औषध न मिळणं.

आता वादळ होतं कसं. उन्हाळ्यात आफ्रिकेत सहाराची वाळू तापलेली असते आणि तिच्या दक्षिणेला गिनीच्या आखाताकडचा भाग त्या मानाने थंड, या फरकामुळे तिथल्या वरच्या हवेत हेलकावे तयार होतात आणि ते पश्चिमेला अटलांटिकवर सरकत जातात. वर्षाला असे साधारण साठ हेलकावे निघतात, बहुतेक नुसते ढग घेऊन येतात आणि विरून जातात. पण खालचा समुद्र २६-२७ अंशांच्या वर तापलेला असेल आणि वरची हवा फार आडवीतिडवी वाहत नसेल तर त्यातल्या एखाद्याला खाद्य मिळतं. खाद्य म्हणजे वाफ. गरम पाण्याची वाफ वर जाते, वर थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि होताना ती स्वतःमधली उष्णता सोडते, त्या उष्णतेने हवा अजून वर जाते, खाली जागा रिकामी होते, ती भरायला आजूबाजूची दमट हवा धावत येते आणि पृथ्वी फिरतेय म्हणून ही येणारी हवा सरळ न येता वळून येते, गोल फिरायला लागते. आपल्या बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ आणि तिकडचं हरिकेन ही एकच चीज आहे, नाव तेवढं वेगळं. विषुववृत्ताच्या अगदी जवळ पृथ्वीचा हा पीळ मिळत नाही, आणि वादळांची नेहमीची वाटही बरीच उत्तरेकडून जाते, म्हणून त्रिनिदाद, अरुबा, कुरासाओ ही दक्षिणेकडची बेटं पुष्कळदा वाचतात. बार्बाडोस, डॉमिनिका, अँटिग्वा, पोर्तो रिको, हिस्पॅनिओला (म्हणजे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक मिळून जे बेट आहे ते), जमैका, क्युबा, बहामाज हे सगळे वाटेवरच बसलेत. यातली निम्मी नावं आपल्याला क्रिकेटमुळे तोंडपाठ आहेत, पण डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत हे मलासुद्धा हे वाचताना कळलं.

मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सगळ्यात वाईट काळ सप्टेंबरचा दुसरा आठवडा. इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवर पोरांना एक गाणं शिकवतात, त्याचा अर्थ असा की जूनला अजून वेळ आहे, जुलैत तयार रहा, ऑगस्टमध्ये लक्ष ठेवा, सप्टेंबर आठवणीत राहील आणि ऑक्टोबरमध्ये सगळं संपलं.

हरिकेन हा शब्दसुद्धा तिथलाच आहे. कोलंबस यायच्या आधी या बेटांवर ताइनो लोक राहायचे, त्यांचा शब्द हुराकान. स्पॅनिश लोकांनी उचलला, तिथून इंग्रजीत गेला. ताइनोंच्या समजुती कोलंबसच्या सोबत आलेल्या रामोन पाने नावाच्या धर्मसेवकाने हिस्पॅनिओलावर राहून लिहून ठेवल्यात, त्यात ग्वाबान्सेक्स नावाची वादळाची देवी आहे. ती एकटी येत नाही. तिचे दोन साथीदार असतात, एक पुढे जाऊन दवंडी पिटणारा आणि दुसरा, ज्याचं काम म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्यांत पाणी गोळा करायचं आणि मग ते एकदम सोडून द्यायचं, मुलुख उद्ध्वस्त करायला. हे वाचून मी थांबलेच. कारण गोनाईव्ह याच बेटावर आहे आणि २००४ ला तिथे जे झालं ते शब्दशः हेच. ज्यांनी हे बेट हजार वर्षं वापरलं होतं त्यांना माहीत होतं की वारा आणि दऱ्यांतलं पाणी ही एकाच घरची मंडळी आहेत. आपल्या कॅटेगरीच्या नंबरातून नेमका हा दुसरा साथीदार गळालाय.

कोलंबसने मात्र लोकांकडून आणि अनुभवातून थोडं शिकून घेतलं होतं. १५०२ च्या जूनअखेर तो सांतो डोमिंगोच्या बाहेर आला, आभाळ आणि समुद्राच्या लाटा बघून त्याला कळलं की वादळ येतंय, त्याने बंदरात आसरा मागितला आणि निघायच्या तयारीत असलेल्या सुमारे तीस जहाजांच्या ताफ्याला थांबवा असा निरोप पाठवला. गव्हर्नर ओव्हान्दोने दोन्ही नाकारलं. ताफा निघाला आणि वीसेक जहाजं बुडाली, शेकडो माणसं गेली, सोनं गेलं, ज्या बोबादियाने दोन वर्षांपूर्वी कोलंबसला बेड्या घालून स्पेनला पाठवलं होतं तोही त्यातच बुडाला. कोलंबस बेटाच्या आडोशाला राहून वाचला. कोलंबसबद्दल मला प्रेम अजिबात नाही, त्याच्यामागून आलेल्या लोकांनी ताइनोंची वाताहत केली, पण इशारा दिलेला असताना अधिकाऱ्याने तो न ऐकणं ही गोष्ट इथून सुरू होते आणि पुढे ती फार वेळा येते.

मग साखरेचा काळ आला. जंगलं तोडून ऊस लावला, आफ्रिकेतून माणसं पकडून आणून गुलाम म्हणून राबवली. या काळातलं सगळ्यात भयानक वादळ ऑक्टोबर १७८० चं, त्याला नावच महावादळ पडलंय. बार्बाडोस, सेंट लुशिया, मार्टिनिक, सेंट युस्टेशियस असं करत ते गेलं आणि सुमारे २२,००० माणसं मेली. अटलांटिकमध्ये आजतागायत इतकी माणसं कुठल्याच वादळाने मारली नाहीत. तेव्हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं युद्ध चालू होतं आणि ब्रिटिश, फ्रेंच आरमारं तिथेच होती, त्यांची जहाजं खलाशांसकट बुडाली. ब्रिटिश ॲडमिरल रॉडनीने नंतर बार्बाडोस बघितलं तेव्हा त्याला नुसत्या वाऱ्याने एवढं होईल हे पटेना, त्याचं म्हणणं भूकंपच झाला असणार.

पण मला जास्त हादरवलं ते त्यानंतरच्या वर्षांनी. मळ्यांवरचे गुलाम स्वतःचं खाणं डोंगराकडेच्या तुकड्यांवर पिकवायचे, केळी, कंद वगैरे, आणि वाऱ्यात केळीची बाग एका तासात आडवी होते हे कोकणात कोणालाही सांगायला नको. बाकीचं धान्य उत्तर अमेरिकेतून यायचं, ते युद्धामुळे आणि नंतरच्या व्यापारबंदीमुळे अडलं. जमैकावर १७८० पासून पाच-सहा वर्षं एकामागून एक वादळं आली आणि त्या बेटाच्या विधानसभेनेच १७८७ मध्ये अंदाज मांडला की सुमारे १५,००० गुलाम भुकेने आणि भुकेच्या आजारांनी मेले. वारा थांबल्यावर मेले. यांना वादळाचे बळी म्हणायचं की मळेवाल्यांचे? मळेवाल्यांनी ऊस कमी करून अन्न लावलं असतं तर यातले कितीतरी जगले असते. त्यांनी शोधलेला उपाय काय, तर स्वस्तात पोट भरेल असं झाड प्रशांत महासागरातून आणायचं. ते झाड म्हणजे नीरफणस. ज्या बाउंटी जहाजावर १७८९ ला खलाशांनी बंड केलं ते जहाज नीरफणसाची रोपंच आणायला निघालं होतं, कॅप्टन ब्लायने दुसऱ्या फेरीत १७९३ ला ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली. आपण ज्याच्या कापा करून रव्यात घोळवून तळतो तो नीरफणस तिकडे वादळानंतरच्या उपासमारीमुळे पोचलाय.

शास्त्राची बाजू पण इथूनच वाढली आणि त्यात एक धागा थेट आपल्याकडे येतो. १८३१ ला बार्बाडोसला पुन्हा मोठं वादळ झालं, पडझड सावरायला विल्यम रीड नावाचा ब्रिटिश इंजिनिअर अधिकारी गेला आणि त्याला प्रश्न पडला की हे वारं नक्की वाहतं कसं. त्याने जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या, अमेरिकेतल्या रेडफिल्डने मांडलेलं होतं की वादळ म्हणजे गोल फिरणारा वारा, ते रीडने नकाशांवर ताडून पाहिलं. रीडचं लिखाण कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टनच्या हातात पडलं, तो बंगालच्या उपसागरातली वादळं अभ्यासायला लागला आणि १८४८ ला त्याने सापाच्या वेटोळ्यावरून ग्रीक शब्द घेऊन "सायक्लोन" हे नाव दिलं. म्हणजे बार्बाडोसची पडझड आणि आपल्या बातम्यांतलं सायक्लोन यांच्यात मोजून दोन माणसं आहेत.

आणि मग क्युबाच्या राजधानीतले, हवानामधले फादर बेनितो विन्येस. जेझुइट पाद्री, १८७० पासून तिथल्या बेलेन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख. रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत अनेकदा हवेचा दाब, वारा, ढग यांची नोंद करायची, आणि त्यांचं खास लक्ष असायचं अगदी वरच्या पिसासारख्या ढगांकडे. वादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाच हे ढग त्याच्या केंद्रातून पंख्यासारखे पसरतात, ते कुठल्या बिंदूतून फुटलेत हे बघितलं की वादळ कुठे आहे आणि कुठे सरकतंय याचा अंदाज येतो. सॅटेलाइट नाही, विमान नाही, डोळे, बॅरोमीटर आणि इतर बेटांवरून येणाऱ्या तारा, एवढ्यावर त्यांनी सप्टेंबर १८७५ ला क्युबाला वादळाचा इशारा दिला आणि तो खरा ठरला. मच्छीमार, जहाजवाले, विमावाले सगळे त्यांच्या इशाऱ्याकडे डोळे लावून असायचे.

त्यांच्यानंतर १९०० मध्ये काय झालं बघा. क्युबा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि अमेरिकेच्या हवामान खात्याला वाटायचं की हे क्युबन लोक उगाच लोकांना घाबरवतात, म्हणून हवानाहून हवामानाच्या तारा पाठवण्यावर बंदी घातली गेली. सप्टेंबरमध्ये एक वादळ क्युबावरून पुढे गेलं, क्युबन लोक म्हणत होते हे मेक्सिकोच्या आखातात जाऊन भडकणार, अमेरिकन खातं म्हणत होतं हे फ्लोरिडाकडे वळणार. ८ सप्टेंबरला ते टेक्सासच्या गॅल्व्हस्टन शहरावर गेलं, समुद्र शहरावरून वाहिला, सुमारे आठ हजार माणसं मेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याच नैसर्गिक आपत्तीत मेलेली नाहीत.

समुद्र शहरावर येतो म्हणजे नक्की काय होतं ते जरा नीट सांगते, कारण "लाट आली" असं म्हटलं की त्सुनामीसारखं काहीतरी डोळ्यासमोर येतं आणि ते तसं नसतं. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो म्हणून समुद्र थोडा वर उचलला जातो, पण तो फार नाही, एक मिलिबारला साधारण एक सेंटीमीटर. खरा मार वाऱ्याचा. तासन् तास एकाच दिशेने वारा पाणी ढकलत राहतो. किनाऱ्याजवळ समुद्र खोल असेल तर ढकललेलं पाणी खालून परत जातं, लाटा प्रचंड उठतात पण एकूण पातळी तेवढी चढत नाही. समुद्र लांबपर्यंत उथळ असेल तर पाण्याला परत जायला जागाच नसते, ते साठत जातं आणि जमिनीवर चढतं. ताटात पाणी घेऊन एका बाजूने जोरात फुंकर मारून बघा, खोल पातेल्यात तेच करून बघा.

क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सांता क्रूझ देल सुर अशाच उथळ समुद्रावर होतं. ९ नोव्हेंबर १९३२, लक्षात घ्या नोव्हेंबर, लोकांच्या मते मोसम संपत आलेला, आणि समुद्र सहा मीटरहून जास्त चढला. म्हणजे दुमजली घराच्या कौलापर्यंत. सुमारे तीन हजार माणसं गेली, गाव जवळजवळ पुसलंच गेलं. बहामाजचा समुद्रही असाच उथळ आहे, तो जो सुंदर फिकट निळा रंग फोटोत दिसतो ना तो उथळपणाचाच रंग. सप्टेंबर २०१९ ला डोरियन ताशी २९५ किलोमीटरच्या वाऱ्याने अबाको बेटावर आलं आणि पुढे ग्रँड बहामावर जाऊन जवळजवळ थांबलंच, एका दिवसाहून जास्त वेळ तिथेच घुटमळलं आणि पाणी उत्तरेकडच्या उथळ भागातून, म्हणजे लोकांना ज्या बाजूची फारशी भीती नव्हती त्या बाजूने आत घुसलं. जमिनीखालचं गोडं पाणी खारट झालं. आणि मार्श हार्बरमध्ये हैतीहून कामाला आलेल्या लोकांची एक वस्ती होती, मड नावाची, प्लायवूड आणि पत्र्याची घरं, ती पूर्ण गेली. अधिकृत मृतांचा आकडा सत्तरच्या आसपास आणि बेपत्ता दोनशेच्या वर. बेपत्तांची नावं सरकारी कागदांवर मुळात होती का हाच प्रश्न आहे.

आता डोंगराचं पाणी. हे आपल्याला समजायला सोपं आहे कारण सह्याद्री तेच करतो. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि सगळा पाऊस घाटमाथ्यावर ओतते. बेट छोटं असलं की घाटमाथा ते किनारा हे अंतर दहा-बारा किलोमीटर, त्यामुळे वर पडलेला पाऊस तासाभरात खाली. डॉमिनिका हे असंच, साडेसातशे चौरस किलोमीटरचं बेट आणि डोंगर १४४७ मीटरचा, आपल्या हरिश्चंद्रगडाएवढा. ऑगस्ट २०१५ ला एरिका नावाचं साधं वादळ आलं, हरिकेनसुद्धा नाही, वारा विशेष नाहीच, पण अर्ध्या दिवसात तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस. मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटरपुढे हे काय असं वाटेल, पण मुंबई सपाट आहे, इथे प्रत्येक ओढा उभ्या उतारावरून दगड-झाडं घेऊन येतो. सुमारे तीस माणसं गेली, देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांएवढं नुकसान झालं आणि पेटीट साव्हान हे गाव दरडींमुळे कायमचं रिकामं करावं लागलं.

१९६३ च्या फ्लोराने हैतीत पाच हजारांच्या आसपास माणसं मारली आणि मग क्युबाच्या पूर्व भागावर जाऊन चार-पाच दिवस वेटोळे घालत बसलं, सांतियागोला १८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, क्युबात सुमारे १७५० माणसं मेली. इथून पुढे या दोन देशांच्या वाटा बघण्यासारख्या आहेत. क्युबाने धरणं बांधायचा सपाटा लावला, पाणी अडवायला पण आणि पूर झेलायला पण, हवामान संस्था उभी केली, आणि गल्लीपातळीवर नागरी संरक्षणाची यंत्रणा बसवली, म्हणजे कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोण गरोदर आहे, कोणाला कुठल्या पक्क्या घरात न्यायचं हे आधीच ठरलेलं. २००४ च्या आयव्हन वादळात त्यांनी सुमारे १९ लाख लोक हलवले. क्युबाच्या राजवटीबद्दल कोणाचं काहीही मत असो, माझंही आहे, पण वादळात माणसं वाचवण्यात त्या भागात क्युबाचा हात धरणारा कोणी नाही आणि हे पैशाच्या जोरावर केलेलं नाही.

हैतीचं उलटं झालं आणि त्यात हैतीच्या लोकांना आळशी नाहीतर अडाणी म्हणायची जी सवय आहे तिचा मला मनापासून राग येतो. हा गुलामांनी बंड करून १८०४ ला स्वतंत्र केलेला देश. १८२५ ला फ्रान्सने युद्धनौका पाठवून सांगितलं, आमची मालमत्ता गेली, तिची भरपाई द्या, १५ कोटी फ्रँक. मालमत्ता म्हणजे काय, तर त्यात ही माणसं स्वतःच आली. नंतर ती रक्कम ९ कोटी केली, पण त्यासाठी काढलेली कर्जं फेडता फेडता १९४७ उजाडलं. रस्ता, धरण, शाळा यांना लागणारा पैसा शंभरहून जास्त वर्षं बाहेर जात राहिला, इमारती लाकूडही बाहेर गेलं. शहरात स्वयंपाक अजून लाकडी कोळशावर होतो, गॅस परवडत नाही म्हणून. डोंगरावरची झाडं गेली की माती सैल होते, पाऊस मुरत नाही, माती घेऊनच खाली येतो. गोनाईव्ह अशा बोडक्या डोंगरांच्या पायथ्याला, समुद्राच्या पातळीवर. २००४ ला चिखल आला, लोकांनी उपसला, आणि २००८ ला महिन्याभरात फे, गुस्ताव्ह, हॅना, आयक अशी चार वादळं आली आणि तेच शहर पुन्हा पाण्याखाली गेलं.

मारियाचं सांगायलाच हवं. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया कॅटेगरी ५ होऊन डॉमिनिकावर आलं. पंतप्रधान स्केरिट यांनी रात्री फेसबुकवर लिहिलं की माझ्या घराचं छप्पर गेलं, घरात पाणी शिरतंय. देशाच्या प्रमुखाच्या घराचं छप्पर उडतं तिथे बाकीच्यांचं काय. दोन दिवसांनी ते पोर्तो रिकोवर गेलं. तिथे सरकारने मृतांचा आकडा सांगितला ६४, आणि महिनोन् महिने तोच धरून ठेवला. लोक म्हणत होते आमची माणसं मेलीत, ती मोजा. शेवटी सरकारनेच नेमलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात पुढच्या साधारण पाच महिन्यांतले जास्तीचे मृत्यू निघाले २९७५, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने तो आकडा मान्य केला. सगळ्या बेटाला वीज परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. डायलिसिसवाले, ऑक्सिजन मशीनवर असलेले, फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवणारे. १७८० च्या जमैकात वारा थांबल्यावर माणसं मेली होती, इथेही तेच.

छपराचा विषय निघालाच आहे तर ते जवळून बघू, कारण वादळात घर पडतं म्हणजे बहुतेकदा आधी छप्पर जातं. वारा छपराला खाली दाबत नाही, वर उचलतो, विमानाच्या पंखाला उचलतो तसं. त्यात एखादी खिडकी फुटली की वारा आत शिरून आतूनही ढकलतो, आणि मग वासे भिंतीपासून सुटतात, पत्रे एकमेकांना घेऊन जातात. तिकडचे जुने सुतार छप्पर चौपाखी करायचे, आपल्या कोकणातल्या घरासारखं, चारही बाजूंनी उतार, म्हणजे वाऱ्याला अडायला उभी बाजूच मिळत नाही. पागोळ्या फार बाहेर काढायच्या नाहीत. पडवीचं छप्पर घराच्या छपरापासून वेगळं ठेवायचं, म्हणजे वाऱ्याने पडवी नेली तरी घर राहतं. आणि वासा खालच्या लाकडाला नुसता खिळ्याने ठोकायचा नाही, पोलादी पट्टी वाकवून दोन्हीकडून बांधायचा, ही पट्टी किरकोळ किमतीची असते. हे सगळं माहीत असून घरं तशी का नसतात? बार्बाडोसला गुलामगिरी संपल्यावर मजूर मळेवाल्याच्या जमिनीवर राहायचे, मालक कधीही उठ म्हणेल म्हणून घर लाकडाचं, दगडांवर नुसतं टेकवलेलं, सुटं करून गाडीवर घालून नेता येईल असं. जमीन आपली नाही तर पाया कोण घालणार?

बार्बुडाचं नेमकं याच्या उलटं होतं, तिथे सगळी जमीन सगळ्या गावाची, गुलामगिरी संपल्यापासून चालत आलेली रीत. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्माने बेटावरची बहुतेक सगळी घरं मोडली, एक लहान मूल गेलं, आणि मागून दुसरं वादळ येतंय म्हणून सतराशे-अठराशेच्या सगळ्या वस्तीला शेजारच्या अँटिग्वाला हलवलं. बेट रिकामं झालं, आणि लोक अजून परतत होते तेवढ्यात सरकारने जमीन खासगी मालकीची करायचा कायदा आणला. तेव्हापासून कोर्टकचेऱ्या चालू आहेत.

ग्रेनेडाची गोष्ट माझ्या मनात जास्त राहिली ती जायफळामुळे. या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे, इंडोनेशियानंतर जगात यांचाच नंबर होता. १९५५ च्या जॅनेटनंतर जवळजवळ पन्नास वर्षं मोठं वादळ नाही, आणि ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं, दहापैकी नऊ घरांचं नुकसान, वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीचा फटका आणि जायफळाच्या बागा मुळासकट आडव्या. जायफळाचं झाड उंच पण मुळं उथळ. नवीन लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं, आणि बी लावून केलेलं झाड नर की मादी हे फूल येईपर्यंत कळतच नाही, नर निघालं तर एवढी वर्षं फुकट. माझ्या मामाची श्रीवर्धनला सुपारीची वाडी आहे, जून २०२० ला निसर्ग वादळात निम्मी सुपारी मोडली, त्यात जायफळाची चार झाडं होती आजोबांनी लावलेली. मामा तेव्हा म्हणाला होता, "घर मी दोन वर्षांत उभं करीन गं, सुपारीला माझं उरलेलं आयुष्य लागेल." ग्रेनेडाचे अनेक म्हातारे शेतकरी जायफळाकडे परत वळलेच नाहीत, ते मला मामामुळे समजलं.

त्या धक्क्यानंतर २००७ ला कॅरिबियन देशांनी मिळून एक विमा निधी काढला. याची पद्धत आपल्या आंबा-काजूवाल्यांना माहीत असलेल्या हवामान आधारित फळपीक विम्यासारखीच, नुकसान बघायला माणूस येत नाही, वारा किंवा पाऊस ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेला की पैसे दिले जातात. फायदा म्हणजे पैसे दोन-तीन आठवड्यांत हातात. तोटाही तोच जो आपले शेतकरी ओरडून सांगतात, बाग गेली पण हवामान केंद्रावरचा आकडा भरला नाही तर काही नाही. जमैकाने १५ कोटी डॉलरचे वादळ-रोखे काढले होते (म्हणजे ठरल्याएवढं मोठं वादळ आलं तर गुंतवणूकदारांनी गुंतवलेले पैसे देशाला मिळतात), जुलै २०२४ ला बेरिलने दक्षिण जमैका झोडपलं पण हवेचा दाब ठरल्याइतका उतरला नाही म्हणून एक पैसा आला नाही. ग्रेनेडाने मात्र आपल्या कर्जाच्या करारातच अट घालून घेतली होती की वादळ आलं तर हप्ते पुढे ढकलायचे, आणि बेरिलने त्यांच्या कॅरियाकू बेटावरची जवळजवळ सगळी घरं मोडल्यावर ती अट त्यांनी वापरली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण छप्पर घालायचे पैसे सावकाराला द्यावे लागणं यापेक्षा वाईट काय असेल.

बेरिल २ जुलैला कॅटेगरी ५ झालं होतं. नोंदी आहेत तेव्हापासून वर्षात इतक्या लवकर कुठलंच वादळ तिथवर पोचलं नव्हतं, पोरांच्या गाण्यात जुलै म्हणजे अजून तयारीचा महिना. समुद्र जास्त तापलाय, वादळं एका दिवसात दोन-तीन कॅटेगरी चढतात, आणि हवा एक अंशाने तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं, ते सगळं खालीच पडणार.

आणि गाण्यातला शेवटचा महिना. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा जमैकाच्या नैऋत्य किनाऱ्यावर आलं, वारा ताशी २९५ किलोमीटर, दाब ८९२ मिलिबार, जमिनीवर आलेल्या अटलांटिक वादळांमध्ये सगळ्यात जोरदार म्हणता येईल असं. ब्लॅक रिव्हर हे जुनं गाव जवळजवळ सगळं मोडलं. यावेळी रोख्यांचे १५ कोटी पूर्ण आले. हैतीपासून मेलिसाचं केंद्र लांबच राहिलं, हैतीत ते आलंच नाही, पण दक्षिणेला पेटी-गोआवमध्ये नदी भरून वस्तीत शिरली आणि वीसहून जास्त माणसं वाहून गेली, त्यात कितीतरी लहान मुलं होती.